सहासष्टचा हिशेब

जिग्नेशला एक खोड होती. काम कितीही किचकट असो, गिऱ्हाइकाला वेळ सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला. तलासरीच्या नाक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे प्रत्येकाला एकच उत्तर मिळायचं, "दहा मिनिटं."

पण त्या फेब्रुवारीत तो हेच उत्तर वेवजी गावात बायजाकाकींच्या घरात बसून देऊन बसला. त्या हिवाळ्यात जमीन सारखी हलत होती. आधी खालून गडगड यायची, मग भांडी वाजायची. अर्धं गाव अंगणात ताडपत्री बांधून झोपत होतं. काकींच्या मधल्या भिंतीला तर हात जाईल एवढी भेग पडलेली. अशा घरात शहाणा माणूस पाऊल टाकत नाही. पण काकींचा नारू त्या घरात होता.

नारू म्हणजे त्यांचा मुलगा, जिग्नेशचा शाळेपासूनचा दोस्त. बारा वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये एकच व्हिडिओ होता. नारू कॅमेरा धरून म्हणतो, "आई, जरा हस की," आणि काकी तोंड फिरवतात. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. घर पडायच्या आत तेवढा काढून दे, म्हणून काकींनी जिग्नेशला बोलावलं होतं.

डिस्क कितीतरी वर्षं बंद होती. ठोकून, गोंजारून कशीबशी फिरायला लागली. आता ती बंद केली तर पुन्हा फिरेल याची खात्री नव्हती, आणि फिरती असताना हलवली तर मेलीच. फायलींची यादी सडलेली, त्यामुळे व्हिडिओ नेमका कुठे आहे ते कळेना. सगळेच्या सगळे चाळीस जीबी नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, दुसरा इलाज नव्हता. जिग्नेशने डिस्कखाली गोधडीची घडी सरकवली आणि नवी डिस्क जोडली.

"किती वेळ?" काकींनी विचारलं.

"काकी, ही नवी डिस्क सेकंदाला सहाशे एमबी घेते. तिच्या हिशेबाने एक मिनिटाचं काम. पण जुन्या डिस्कची ही तारेची पट्टी सहासष्टच्या वर जात नाही. म्हणजे दहा मिनिटं."

गणित बरोबर होतं. पण सहासष्ट हा आकडा नव्या कोऱ्या डिस्कचा, स्थिर टेबलावरचा. हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बोलून गेला. आणि दहाच मिनिटं म्हटल्यावर काकी पाट ओढून बसल्या.

"आई, बाहेर या," सून जमुना ताडपत्रीखालून हाक मारत होती.

"दहा मिनिटं म्हणतोय तो. तू भाकऱ्या बघ."

पहिली गडगड आली तेव्हा काम जेमतेम सुरू झालं होतं. टेबल थरथरलं, डिस्क अडखळली, वाचताना चुकली. आणि या जुन्या कॉम्प्युटरची रीत अशी, की डिस्क चार वेळा चुकली की तो आपणहून वेग खाली उतरवतो आणि बंद करून चालू केल्याशिवाय पुन्हा वर चढवत नाही. सहासष्टचे तेहतीस झाले. पडद्यावर प्रश्न आला, पुढे जाऊ का? जिग्नेशने बटण दाबलं. असं कोणीतरी दाबत राहायला हवं होतं, म्हणून उठायची सोय नव्हती.

दुसऱ्या धक्क्याला सोळा. तिसऱ्याला तीन. भेगेतून माती गळून काकींच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती झटकली.

तीनच्या हिशेबाने अजून तीन तास. आपल्या एका शब्दावर ही म्हातारी इथे बसलीय, आणि खरं सांगितलं तर मुळीच उठायची नाही, हे जिग्नेशला कळून चुकलं. मग त्याने दुसरी चूक केली.

"झालं काकी. चला."

त्यांचा हात धरून त्याने त्यांना उंबऱ्याबाहेर आणलं. अंगणात पोचल्यावर काकी थांबल्या. आत डिस्क घुरघुरत होती.

"झालं, तर मग तो अजून का फिरतोय?"

काकींनी जिग्नेशकडे एकदाच बघितलं, हात सोडवला आणि त्या आत गेल्या.

तेवढ्यात जमिनीखाली गडगडलं, आधीपेक्षा जवळून. जमुना धावली. जिग्नेश मात्र जागचा हलला नाही. मधली भिंत आतल्या बाजूला बसली आणि दारातून धुरळ्याचा लोट बाहेर आला.

जमुनाने सासूला दारातून ओढून बाहेर काढलं. काकी जिवंत होत्या. कपाळ फुटलं होतं, केस मातीने पांढरे झाले होते, आणि पदरात तुटलेल्या पट्टीसकट ती जुनी डिस्क होती. नवी डिस्क भिंतीखाली गेली होती.

त्यांनी डिस्क जिग्नेशच्या हातात दिली. त्याने कानाला लावून हलवली. आत काहीतरी सुटं होऊन खुळखुळलं.

"कधी होईल?" काकींनी विचारलं.

जिग्नेशने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे आकडा नव्हता. काकी त्याच्या उत्तराची वाट बघत पायरीवर बसून राहिल्या.