बांधातले घडीव दगड

"अगं बाई, हे दगड आहेत की नवरदेव? एवढे नटूनथटून कुठून आले?"

इंजिनीयरबाईंनी ट्रॉलीत डोकावून विचारलं आणि बांधावरच्या बायका खो-खो हसल्या. बाईंनी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण डोंगरावरचे चर असोत की हा ओढ्यावरचा बांध, गावाने हाती घेतलेल्या प्रत्येक कामात शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणून नाव पडलं ते पडलंच.

ट्रॉलीवाल्याने मान खाली घातली. "विचारू नका काकू. लावा."

"छिन्नीचे घाव तर आमच्या घरच्याच गवंड्याचे दिसतात."

"अर्ध्या गावाचे दगड काकांनीच घडवलेत की," तो पुटपुटला.

तेही खरंच होतं. शिवाय दगड संपून काम अडलेलं, पावसाळा तोंडावर आलेला. अर्धवट बांध पहिल्याच लोंढ्यात वाहून गेला असता. आयत्या आलेल्या दगडांना नावं कशाला ठेवायची? बाईंनी पदर खोचला आणि दिवसभर एकेक दगड स्वतः उभं राहून बसवून घेतला.

त्यांच्या मनात एकच होतं. ओढ्यात पाणी थांबलं, विहिरी भरल्या, की मुलगा शहरातून परत येईल. "इथे राहून काय धूळ खाऊ?" म्हणून गेला होता तो. त्याच्यासाठी नवऱ्याने घरामागे खोली बांधायला घेतली होती. भिंती छातीपर्यंत आलेल्या, वर छप्पर नाही, तरी बाई रोज सकाळी तिथे झाडू मारायच्या. लोक हसायचे. हसू देत मेले!

संध्याकाळी त्या हातपाय धुवायला घरामागे गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. खोलीच नव्हती! सकाळी झाडलेली जमीन तेवढी होती, आणि पहार बाजूला टाकून बसलेला नवरा.

"अहो... हे काय केलंत?"

"तो नाही येणार आता. तिकडेच घर घेतलंय त्याने. मागच्या महिन्यात फोन आला होता."

"मागच्या महिन्यात! आणि मला आज सांगताय?"

"बांधावरचा तुझा हात थांबला असता."

"दगड देताना तरी विचारायचं होतं मला!"

"विचारलं असतं, तर दिले असतेस?"

बाईंची नजर झाडलेल्या जमिनीवर गेली. दिवसभर आपण हे काय रचत होतो? वर त्या दगडांची थट्टा केली, हसलोसुद्धा! त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

सकाळी बांधावर सगळे कामाला हात न लावता उभे होते. गावभर कळलं होतं.

"काकू, तुम्ही म्हणाल तर सगळे काढतो," ट्रॉलीवाला म्हणाला. ट्रॉलीत शेवटचा एकच दगड उरला होता. खोलीचा उंबरठा.

बाईंनी ट्रॉलीतल्या उंबरठ्यावर हात टेकला.

"काढताय कशाला? पाऊस काय तुम्हाला विचारून येणार आहे?" त्या खेकसल्या. मग आवाज उतरला. "हा सांडव्यावर बसवा. जास्तीचं पाणी त्याच्यावरून जाऊ दे."

नवऱ्याने उंबरठा बसवला आणि ओळ बघायला दोरी काढली. बाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दोरीचं दुसरं टोक मात्र त्यांनीच धरलं.

दगड सरळ बसला. बाई खाली वाकल्या आणि त्याच्यावरची माती हाताने झाडू लागल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रोज सकाळी झाडायच्या तशी.