फेस थांबेपर्यंत

किरणबाबांच्या अंगणात उपचाराला आलेली एकवीस माणसं, म्हणजे बेचाळीस पाय. त्यांतले धड एकोणतीस. मी मोजले, कारण दुसरा उद्योगच नव्हता. चपला आत कुलपात, फाटकाला कडी, आणि बाबा म्हणतील तेव्हाच सुट्टी.

मी मावशीसोबत यायचो. ती आमच्या लाँड्रीत इस्त्री करते, दिवसभर उभी. साखरेच्या दुखण्याने पावलाची जखम भरेना. डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं होतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, इथे आणून बसवलं.

काचेच्या बरणीत पाणी, त्यात चिमूटभर पांढरी भुकटी, वर तासभर ऊन. मग बाबा ते पाणी जखमेवर ओतत आणि पांढराशुभ्र फेस उसळे. सगळे हात जोडत आणि बाबा गरजत,

"फेस नव्हे, दुखणं आहे ते! निघालंय बघा बोंबलत! थांबलं की माणूस बरा. तोवर डॉक्टरची पायरी चढलात, तर सूर्यदेव पाठ फिरवतील."

सूर्याने पाठ फिरवली की संध्याकाळ होते, एवढंच मला ठाऊक होतं.

एकोणीस दिवस झाले. फेस थांबेना, मावशी सुटेना. "अगं, केवढं साठलं होतं तुझ्यात!" काका कौतुकाने म्हणत.

विसाव्या दिवशी पायाच्या करंगळीवर फेस आलाच नाही. काकांचे डोळे भरून आले. "एक बोट बरं झालं!"

करंगळी काळी पडून वाळली होती. मावशी माझ्या कानाशी लागली, "अरे, बरं झालेलं बोट मला जाणवत का नाही?"

मी तडक तिच्या भाचीला फोन केला. ती प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्या दिवशी आली ती दोन बटाटे घेऊन.

बाबांचं पाणी तिने कापलेल्या कच्च्या बटाट्यावर ओतलं. फसफसून फेस!

"बाबा, याला काय झालंय?"

"जमिनीतलं पाप आहे ते."

"हाही त्याच जमिनीतला, फक्त उकडलेला." दुसऱ्यावर एक बुडबुडा नाही. "हा बरा झाला का?"

"शिजला!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. काका हसले नाहीत.

"काका, कच्च्या बटाट्यात आणि ओल्या जखमेत एक द्रव्य असतं. ते या पाण्यातून प्राणवायू मोकळा करतं, त्याचा हा फेस. दुखण्याशी संबंध नाही. फेस थांबतो तो कातडी धरली की, नाहीतर मांस मेलं की. या बोटाचा रंग बघा आणि तुम्हीच सांगा."

"मग ऊन?" काकांनी विचारलं.

"भुकटी खोटी नाही. आम्ही त्यावरच काम करतो. प्रकाश पडला की अशी भुकटी पाणी आणि हवा यांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. जखम धुवायला दुकानात मिळतं तेच. पण दिवसभर राबून ते इतकं थोडं बनतं, की आमची तपासणीची पट्टी जेमतेम निळसर होते." तिने तसलीच कागदी पट्टी सावलीतल्या, अजून ऊन न दाखवलेल्या बरणीत बुडवली. पट्टी गडद निळी! "हे दुकानातून आणून आधीच ओतलंय. ऊन नुसतं देखाव्याला."

"चांदणं लागलं असेल," बाबा म्हणाले.

काकांनी मावशीला पाठीवर घेतलं आणि स्वतः कडी काढली.

करंगळी गेली, पाऊल वाचलं. रोजच्या त्या पाण्याने नवी कातडीही जळत होती, असं डॉक्टर म्हणाले. आणखी आठवडा गेला असता तर पाऊलही गेलं असतं.

वाचकहो, बाबाशी वाद घालत बसू नका. आजाऱ्यावर जे दाखवतात, ते निरोग्यावर, नाहीतर सरळ भाजीवर करून पाहा. तिथेही तेच घडलं, तर आपल्या माणसाला उचला आणि डॉक्टरकडे न्या. त्याच दिवशी.