पांढऱ्या पोत्यातला केस

सकाळी सातला लोकर कातरायला सुरुवात झाली. सव्वासातला कातरणाऱ्याच्या मुलीला पांढऱ्या पोत्यातून बाहेर काढण्यात आलं.

गोठ्याच्या तुळईला दोन उंच पोती टांगलेली होती, एक पांढऱ्या लोकरीचं, एक काळ्या. वरून लोकर टाकायची आणि आत पोरांनी नाचून ती दाबायची, ही तिथली रीत. मालकीणबाईंची नात पांढऱ्या पोत्यात नाचत होती. कातरणाऱ्याची पोर तिच्याजवळ उतरली, दोघींनी हात धरले, तोच मालकीणबाईंनी कातरणाऱ्याच्या पोरीला बखोटीला धरून वर ओढलं.

"तू काळ्या पोत्यात. पांढऱ्याला तुझा रंग लागेल."

कातरणारा दरसाल दूरच्या मुलखातून यायचा. मुलीला यंदा पहिल्यांदाच आणलं होतं. दोघांचा वर्ण गावातल्या कुणाहीपेक्षा काळा, केस टाळूला चिकटलेले, कुरळे. त्याने मान वर केली, पण गुडघ्यांत अर्धी कातरलेली मेंढी होती. अर्ध्या मेंढीला सोडून भांडता येत नाही.

मुलीला तो कामाचाच नियम वाटला. ती हौदावर गेली, पाय घासले, पाणी निरखलं. पाणी होतं तसंच. मग एक पांढरी कोंबडी पकडून बराच वेळ पोटाशी धरून बसली. कोंबडी पांढरीच राहिली, फक्त चिडली. शेवटी तिने वाळत घातलेल्या पांढऱ्या बनियनवर गाल घासून पाहिला आणि बापाकडे आली.

"बाबा, माझा रंग निघतच नाही. मावशींना सांगून येऊ?"

"त्यांना माहीत आहे, बाळ."

"मग तशा का म्हणाल्या?"

बापाने पुढची मेंढी ओढली. मुलगी काळ्या पोत्यात एकटी नाचू लागली. एकटीला ताल सापडेना.

दुपारी लोकर निवडणाऱ्या म्हातारीला पांढऱ्या ढिगात एक काळा केस सापडला. असा एक केस गेला की विणल्यावर तोच डोळ्यांत खुपतो आणि अख्खं पोतं परत येतं. मालकीणबाई म्हणाल्या, मी सकाळीच सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण.

म्हातारीने केस उजेडात धरला. तो हातभर लांब होता, सरळ होता, आणि मुळाकडे नखभर पांढरा होता.

सगळ्यांनी मालकीणबाईंच्या अंबाड्याकडे पाहिलं. कलप गेल्या महिन्यात लावलेला असावा. मालकांना अचानक खोकला आला.

"आपलं ठेवायचं झाकून," म्हातारी पुटपुटली आणि पुढचं म्हणायची तिला गरज पडली नाही.

मुलीने काळ्या पोत्यातून डोकं वर काढलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती आपुलकी होती. "मावशी, तुम्ही इकडे या. मी सरकते. इथे सावली पण आहे."

कातरणाऱ्याचा हात पहिल्यांदाच चुकला. मेंढीच्या पाठीवर एक झुपका तसाच राहिला.

मालकीणबाईंनी डोक्याला फडकं बांधलं. तो केस कुठल्या पोत्यात टाकायचा यावर एकमत झालं नाही. म्हातारी म्हणे काळ्या, मालक म्हणत दोन तुकडे करा. तूर्त तो खिडकीत दगडाखाली ठेवला आहे. नातीने, कातरणाऱ्याची पोर आल्याशिवाय नाचणार नाही, असं कळवून पोत्यातच बसकण मारली आहे.

दिवेलागणीला पांढरं पोतं अर्धंच भरलेलं होतं. कातरणाऱ्याची मुलगी पुन्हा पाय धुऊन त्याच्या खाली उभी होती. तिला आत घ्यायचं की नाही, हे मालकीणबाईंनी अजून ठरवलेलं नाही.