लग्नाचा दाखला

म्हातारे लॉर्ड थॉर्नवेल जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तोच थोरला एड्रियन आईसमोर कागदांची यादी घेऊन बसला. वडिलांची पदवी त्याच्या नावावर लागायची तर लंडनला तीन दाखले धाडायचे होते.

"बाबांच्या मृत्यूचा आणि माझ्या जन्माचा मिळाला. तुमच्या लग्नाचा कुठेय, आई? की तोही बाबांनी चष्म्यासारखा हरवला?"

मिलिसंटला हसू आलं नाही. पंचावन्न वर्षं तो दाखला तिच्या हातरुमालांच्या खणात तळाशी पडून होता. जाळून टाकावा असं शंभरदा मनात आलं. पण सरकारी वहीतली नोंद कशी जाळणार?

शाळा सुटल्यापासून हे पोरगं इथेच राबलं. गळकं छप्पर, मेंढ्या, कुळांची भांडणं, शेवटी अंथरुणातल्या बापाचं सगळं याने केलं. धाकटा ह्यूगो सहा वर्षांत नाताळलाही फिरकला नव्हता.

तिने दाखला आणून पुढ्यात ठेवला. एड्रियनने तारीख वाचली, मग जन्माचा दाखला शेजारी धरून पुन्हा वाचली.

"मी आधीचा?"

"तीन आठवडे. यांच्या पहिल्या बायकोचा घटस्फोट लांबला आणि तुला धीर नव्हता. नंतर लग्न केलं की पोर औरस ठरतं, असं वकील म्हणाले. आम्ही खुशीत शॅम्पेन उघडली."

"मग झालं की."

"बाकी सगळ्याला चालतं ते. पदवीला नाही, बाळा, तिला जन्मच लग्नानंतरचा लागतो. तू सात वर्षांचा असताना मला कळलं. हे तुला खांद्यावर घेऊन शिवार दाखवत होते रे. माझी जीभच रेटेना."

घर आणि जमीन पदवीच्या मागोमाग जाते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं मिलिसंटला वाटलं.

दारात घरकामाच्या मिसेस पग आल्या. "लॉर्डसाहेब, एक मेंढी अडलीय. गडी बोलावतोय."

"लॉर्डसाहेब लंडनला असतात," एड्रियन म्हणाला. "ह्यूगोला फोन लावा."

मिसेस पग खुदकन हसल्या. इतक्या दिवसांनी घरात कुणीतरी थट्टा केली, असं वाटलं त्यांना.

एड्रियनने दोन्ही दाखले नीट घडी करून आईच्या हातात दिले. मग गमबूट चढवले आणि भावाची मेंढी सोडवायला गेला.