चोवीस सह्या

आमच्या ह्यांनी, म्हणजे चिंतामणींनी, छत्तीस वर्षं विमा कचेरीत हेडक्लार्की केली. कागद पुढ्यात आला की तळाशी 'पाहिले' आणि लफ्फेदार सही. आत काय लिहिलंय ते बघणं दुसऱ्याचं काम.

वजन एकशे सव्वीस झालं तेव्हा परळच्या एका इस्पितळात पोट लहान करून घ्यायचं ठरलं. आधी ऋग्वेदा नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीने तासभर समजावलं आणि चोवीस पानी पुस्तिका दिली. "काका, प्रत्येक पान वाचा, समजलं की खाली सही करा." कुणाला काय सांगतेय, याची बिचारीला कल्पना नव्हती. पाच मिनिटांत चोवीस सह्या! वर तिलाच म्हणतात, "घ्या, फाइल कम्प्लीट."

तिने पुस्तिका घरी ठेवायला परत दिली. घरी मी ती मागितली, तर "रेकॉर्ड आहे ते, तू कशाला डोकं घालतेस?" म्हणून कपाटात, कुलपात.

ऑपरेशननंतर महिन्याभराने उलट्या सुरू झाल्या. दोन घास खाल्ले की मोरीत धाव. पण स्वारी खूश! "नलू, खाल्लेलं अंगीच लागत नाही. डबल फायदा." ढिली झालेली पँट दाखवत अख्खं गिरगाव पालथं घातलं. गोळ्यांनी वजन वाढतं असा शोध लावून व्हिटॅमिनही बंद केलं. दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या आल्या, आणि एका सकाळी जिन्यात कोसळले.

मी कपाटाची किल्ली हिसकावून घेतली आणि ह्यांच्याबरोबर पुस्तिका घेऊनच इस्पितळ गाठलं. पान सतरा: 'दोन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर ताबडतोब फोन करा.' खाली सही. डॉक्टरांनी ती पाहिली आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात परत दिली. मला लाज वाटली, संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

आठवडाभर शिरेतून बी-वन दिलं, उलट्यांनी आणि बंद केलेल्या गोळ्यांनी अंगातून संपलेलं व्हिटॅमिन. घरी सोडताना ऋग्वेदाने नवा कागद आणला. ह्यांचा हात लगेच खिशाकडे! पेन मी काढून घेतलं.

"वाचा. मोठ्याने."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत."

कचेरीतला आवाज लावून सुरुवात झाली. "आधाराशिवाय चालू नये. गोळ्या जन्मभर घ्याव्यात. पायांतली संवेदना परत यायला काही महिने लागतात. काही रुग्णांत ती..."

"पुढे?"

"पूर्ण परत येत नाही."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात. मग चादरीखालच्या पायांकडे बघत बसले.

मी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.