टाकीचा वास

वसमतच्या मोंढ्यामागे, हळदीच्या बाजाराला लागून, तातेराव मिस्तरीचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. हंगामात हळद शिजवायच्या कढया तिथे दुरुस्तीला पडलेल्या असत, पण मिस्तरीचं नाव झालं होतं ते पेट्रोलच्या टाक्यांसाठी. गळकी टाकी म्हटलं की बाकीचे वेल्डर हात वर करायचे. पेट्रोलची वाफ आत राहिली आणि ज्योत लागली तर टाकीचा बॉम्ब होतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. काहीजण टाकीत पाणी भरून टाका मारत. तातेरावला ते कमीपणाचं वाटे. पाणी असलं की पत्रा तापत नाही, सांध्यात वितळलेलं पितळ धरत नाही आणि महिन्याभरात गिऱ्हाईक पुन्हा दारात. तो टाकी सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, उन्हात उघडी ठेवायचा आणि मग तिच्या तोंडाला नाक लावायचा. "आता काय न्हाई आत," असं तो म्हणाला की नसायचंच. उभ्या जन्मात आपलं नाक चुकलं नाही, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. बढाई मारायला त्याला निमित्त लागत नसे.

ते नाक कोरोनात गेलं. माणूस आजारातून उठला, वास काही परत आला नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, चतुराबाईला, कळलं ते डाळीवरून. डाळ करपली, शेजारच्या बाया विचारायला आल्या आणि हा बाबा त्याच खोलीत पाठ करून निवांत बिडी ओढत बसलेला. ज्या माणसाने जन्मभर नाकावर भाकरी कमावली, त्याला तोंडावर कसं विचारायचं?

पुढे एक टाकी आली तेव्हा त्याने तिला हाक मारली. "चतुरा, बघ बरं, वास येतो का. तुहं नाक लई तिखट हाय." जसं काही थट्टाच. तिने वास घेतला, म्हणाली, "येतो अजून." त्याने टाकी पुन्हा धुतली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. ती जवळच मोंढ्यात हळद निवडायला जायची, हाक आली की पदराला हात पुसत यायची, वास घ्यायची, जायची. त्याला काय झालंय ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. दोघांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. लोकांना वाटे, म्हातारा-म्हातारीचं काय गूळपीठ आहे! तिला मात्र त्यात सुख होतं. एवढा ताठ माणूस, पण तिच्या एका शब्दावर ज्योत पेटवायचा.

यंदा हळदीची आवक अशी झाली की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आडत्याच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचे ड्रम दिवसभर फिरत आणि हवाच पिवळी होऊन जाई. बाया तोंडाला फडकं बांधून बसत, तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की पिवळं. आठवडाभर चतुराबाईला चहाचा वास लागत नव्हता. चटणी भाजताना ठसका आला, वास आला नाही. हंगाम सरला की होईल बराबर, असं ती मनाशी म्हणाली. घरी बोलली नाही. एका घरात दोन बंद नाकं, हे कुणाला सांगायचं?

अशात कळमनुरीहून विजयकुमार सर आले. हायस्कुलात शिक्षक, जुन्या गाड्यांचा भारी नाद. मामाच्या गोठ्यात कित्येक वर्षं उभी असलेली राजदूत त्यांनी बाहेर काढली होती आणि रविवारी नांदेडला जुन्या फटफट्यांचा मेळा होता. टाकी तेवढी राहिली होती. खालची शिवण गंजून तिच्यातून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं.

तातेरावने टाकी रिकामी केली, आत नटबोल्ट आणि खडी घालून खळखळवली. गंज निघाला, पण सगळा कुठला निघतोय? जुन्या गंजाच्या खपल्यांखाली पेट्रोल मुरून बसतं. सोड्याने धुऊन त्याने टाकी दिवसभर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर टाकी न्यायला हजर झाले आणि लिंबाखाली उभे राहून घड्याळ बघू लागले.

"चतुरा!" तातेरावने हाक दिली.

ती आली. टाकीवर वाकली, नाक लावलं, श्वास आत ओढला. काहीच नाही. तिने पुन्हा ओढला. पेट्रोलचा वास तर मेलेल्याला उठवील, तो असता तर कळलाच असता, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, तुला काल जळक्या चटणीचा तरी कळला का? तिने मान वर केली. तातेराव तिच्याकडे बघत होता, सर दोघांकडे बघत होते. 'मला वास कळंना झालाय' असं ती म्हणाली असती, तर सर म्हणाले असते, मग मिस्तरी, तुमीच बघा की. आणि मग सरांसमोर तो काय करणार होता?

"येतो का?" तातेरावने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"बघा सर, मालकिणीनं पास केली," तो हसून म्हणाला आणि त्याने गॅसची ज्योत पेटवली.

ती मोंढ्याच्या फाटकापर्यंत पोचली होती. आवाज झाला, लिंबावरचे कावळे उडाले. ती मागे पळाली तेव्हा सर मातीत पडलेले होते, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तातेराव उभा होता. छातीपासून वर पेटलेला आणि तरी उभा.

नांदेडच्या दवाखान्यात त्याला जाळीखाली ठेवलं होतं. मुलगी प्रियदर्शनी पुण्याहून रातोरात आली. सकाळी जबाब घ्यायला पोलीस आला. टाकी तपासली होती का, असं त्याने विचारलं.

तातेरावचे ओठ सुजले होते, शब्द एकेक करून आले. "बाईनं सांगितलं हुतं... वास येतो म्हणून. म्याच ऐकलं न्हाई."

चतुराबाई उशाशी होती. तिने तोंड उघडलं. त्याने डोळा तिच्याकडे वळवला, उरला होता तो एक, आणि तिला गप्प केलं. आयुष्यभर जपलेलं कारागिराचं नाव त्याने त्या एका वाक्यात देऊन टाकलं, आणि ते तिच्यासाठी दिलं. संध्याकाळी तो गेला.

मरणानंतरच्या जलदानविधीला वस्ती लोटली होती. वंदना झाली. रामकिशन, तातेरावचा जुना दोस्त, बोलायला उभा राहिला. मिस्तरीच्या हाताला तोड नव्हती, पण हट्ट नडला, असं तो म्हणाला. "वहिनींचं ऐकलं असतं तर आज आपल्यात असता." बायांनी माना हलवल्या. कुणीतरी चतुराबाईचा हात दाबला.

तिला ते सोसवेना. ती उठून उभी राहिली. "त्यायला नावं ठिवू नका. म्या न्हाई म्हणले हुते. मला वासच आला न्हाई."

"आई, बस," प्रियदर्शनी म्हणाली.

"दुःखानं बोलून राहिली बिचारी," मागून एक बाई पुटपुटली.

चतुराबाईने गर्दीत नजर फिरवली. दाराशी विजयकुमार सर बसले होते, हाताला पट्टी. "सर, तुमी हुते तिथं! तुमी ऐकलं! सांगा या लोकायला!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सर उभे राहिले. जबाबाचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. मिस्तरी काय करून गेला ते त्यांना उमगलं होतं, आणि ते मोडायची त्यांची छाती झाली नाही.

"मावशी म्हणल्या हुत्या, वास येतो," ते खाली बघत म्हणाले. "मिस्तरीनं ऐकलं न्हाई. मला जायची घाई हुती, म्याबी थांबवलं न्हाई."

चतुराबाई त्यांच्याकडे बघत राहिली. खरं ठाऊक असलेली जगात दोनच माणसं उरली होती, आणि दुसऱ्यानेही आता मिस्तरीचंच खोटं उचलून धरलं होतं. प्रियदर्शनीने तिला धरून खाली बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला.

"बाबा जन्मभर असेच वागले," ती रडत म्हणाली. तिच्या रडण्यात बापावरचा राग होता. "कधी कुणाचं ऐकलं न्हाई. तुहं तरी ऐकायचं हुतं ना गं आई?"

चतुराबाईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"व्हय," ती म्हणाली.