पेटी कोसाडला आहे

"पाठवणारे तुम्ही. घेणाऱ्याचं नाव सांगा," मालाच्या बिल्टीवर पेन टेकवत ट्रान्सपोर्टचा कारकून ललित म्हणाला.

"भिकन."

"भिकन काय?"

शालिग्राम काउंटरवरच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीकडे बघत राहिला.

"बरं, गाव?"

"खानदेशातलंच. धुळ्याकडचं असेल. नाहीतर जळगावकडचं."

"काका, नाव-गाव नसलेलं पार्सल घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

झाली का पंचाईत! एकतीस वर्षं याच ट्रान्सपोर्टात शालिग्रामने साड्यांच्या गठाणींवर मार्का मारला होता. काळी शाई, जाड ब्रश. घेणाऱ्याचं नाव मोठं, गाव त्याहून मोठं, पाठवणाऱ्याचं कोपऱ्यात बारीक. गेल्या वर्षी छापील स्टिकर आले आणि ब्रश घरी आला. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा हजारोंची नावं त्याने लिहिली, आणि शेजारच्या खोलीत आठ महिने राहिलेल्या माणसाचं आडनाव काही त्याला ठाऊक नव्हतं.

भिकन लूमवर रातपाळीला, हा दिवसपाळीला. दारात गाठ पडली तर "काय भाऊ?" "बरं." संपलं. लॉकडाऊनमध्ये गावाकडे पायी निघताना त्याने ही पेटी शालिग्रामच्या उंबऱ्यात आणून ठेवली. "भाऊ, येवढी ठी ल्या. पंधरा दिनमा येस." नंबर दिला, तो पुढे कधी लागलाच नाही. कुणाच्या पेटीशी अदलाबदल नको म्हणून शालिग्रामने सवयीने पेटीवर ब्रश फिरवला: शालिग्राम, लिंबायत. पाठवणाऱ्याची जागा कोरी. माणूस समोर उभा असताना लिहायचं कशाला?

त्याला सहा वर्षं झाली. आता लिंबायतची खोली सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला जायचं होतं. पेटी डोक्यावर घेऊन तो घरी परतला तशी बायको उषाबाई कडाडली, "भंगारवालाले दी टाका! तो काय आते येस का?"

"अवं, दुसरानी ठेव शे ती."

कॉलेजात इंग्रजी घेतलेली त्यांची मुलगी वर्षा भांडी बांधत होती. तिला त्याने विचारलं, "बिल्टीवर घेणाऱ्याला कन्साइनी म्हणतात, त्यातलं कन्साइन म्हणजे मुळात काय गं?"

वर्षाने मोबाइल काढला. "लॅटिनमधून आलाय शब्द, पप्पा. मूळ अर्थ खूण करणं, मोहोर लावणं. मग मोहोर लावून दुसऱ्याच्या हाती सोपवणं. त्यावरून माल पाठवणं. आणि... कायमचं टाकून देणंसुद्धा. आगीत, अडगळीत."

"देखा!" उषाबाई म्हणाली. "इंग्रजबी मन्हंच आयकस."

शालिग्रामच्या डोक्याचा भुगा झाला. एकाच शब्दाच्या पोटात सांभाळा पण आणि टाका पण? मग भिकनने पेटी ठेवली होती की टाकली होती? हा विचार त्याला फार लागला.

"कुलूप तोडून बघू ना. आत आधार कार्ड असेल, पत्ता मिळेल," वर्षा म्हणाली.

पोरीचं खरं होतं. त्याने हातोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "गठाण घेणाऱ्यानेच फोडायची असते."

"पण घेणारे तुम्हीच आहात की! वर लिहिलंय."

त्याने पेटी तेवढी सगळ्यात आधी टेम्पोत चढवली. मग शाईची बाटली उघडली आणि खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर लिहिलं: भिकन, पेटी कोसाडला आहे. खाली बिल्डिंग, खोली, मोबाइल. कोपऱ्यात बारीक, शालिग्राम.

महिन्याभराने तो अमथाच लिंबायतला गेला. म्हणजे उषाबाईला सांगताना अमथाच. पिशवीत ब्रश होता, शाईची बाटलीही. अक्षरं पुसली गेली असणार, अशी त्याची खात्री होती. चाळीत भिंतीला ताजा गुलाबी रंग दिसला. जवळ गेला, तर दाराशेजारी जुन्या भिंतीचा एक चौकोन तसाच सोडलेला, आणि त्यात त्याची अक्षरं.

नवी भाडेकरीण दारात तांदूळ निवडत होती. "तुम्हीच का ते? रंगवाल्याला म्हणलं, तेवढं सोड बाबा, कुणाचा तरी निरोप हाय."

"आला होता का कुणी?"

"न्हाई बा. पर दिसायला कसा हाय? मी दिसभर हितंच असते."

शालिग्रामने तोंड उघडलं. उंच? बुटका? दाढी होती का? तो आठवत राहिला.

"निघाला तेव्हा तोंडाला रुमाल होता बांधलेला," शेवटी तो म्हणाला.

बाई म्हणाली, "असू द्या. भिकन म्हणून जो येईल त्याला बसवते आन् तुम्हाला फोन लावते."

शालिग्रामला भरून आलं. तो निघाला, चार पावलांवरून परत आला आणि पिशवीतून ब्रश काढला.

"बाई, तुमचं नाव काय? पूर्ण सांगा. आडनाव, गाव, सगळं."

"इंदुबाई सखाराम गवळी," सूप बाजूला ठेवत ती म्हणाली. "गाव सेलू, जिल्हा परभणी."

त्याने आपल्या नावाखाली ते सगळं लिहून काढलं.